महाग घेऊ, स्वस्त देऊ!

“त्यात आहे काय एवढं? डॉलर आले की पेसो द्यायचे, पेसो आले की डॉलर द्यायचे! हे काम एखादं खेचरही करेल!”

रुतिलिओ जेवणाच्या टेबलावर हे म्हणाला, तेव्हा त्याच्या सासूबाईंनी हातातली टॉर्टिया खाली ठेवली. “खेचराला विचारलं मी,” क्रिसान्ताबाई म्हणाल्या, “त्याला वेळ नाही. म्हणून तुला सांगतेय.”

मेक्सिकोतल्या नोगालेसमध्ये अमेरिकेच्या सरहद्दीच्या फाटकापासून चर्चपर्यंत जो रस्ता जातो, त्यावर डॉलर बदलून देणाऱ्या चौदा खिडक्या आहेत. त्यातली सातवी क्रिसान्ताबाईंची. एकतीस वर्षांत ती त्यांनी दोनदाच बंद ठेवली होती. एकदा नवरा गेला तेव्हा अर्धा दिवस, आणि एकदा मुलगी झाली तेव्हा त्याहून थोडा कमी वेळ. पण आता मोतीबिंदू असा वाढला होता, की परवा त्यांनी एका गिऱ्हाइकाला वीसऐवजी पन्नासची नोट देऊन टाकली. हा धक्का नवरा गेल्याच्या धक्क्यापेक्षा मोठा होता. त्या तडक डॉक्टरकडे गेल्या आणि ऑपरेशनसाठी मंगळवारची तारीख घेऊन आल्या.

आता मंगळवारी खिडकीत बसायचं कोणी? मुलगी ग्रिसेल्दा शाळेत स्वयंपाकाला जायची. उरला जावई. रुतिलिओ ज्या बुटांच्या दुकानात अकरा वर्षं होता, ते आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं, आणि तेव्हापासून तो सासूबाईंच्या घरात, सासूबाईंच्या खर्चाने, सासूबाईंच्या नजरेखाली राहत होता. ग्रिसेल्दाने तर हायच खाल्ली होती. वरच्या टेकडीवर दोन खोल्यांची जागा तिने बघून ठेवली होती. शुक्रवारपर्यंत आगाऊ भाडं दिलं तर जागा मिळणार, नाहीतर गेली!

“मंगळवार नीट काढलास,” क्रिसान्ताबाई म्हणाल्या, “तर तुला खिडकीत कायमचा बसवीन. पगारावर. जा मग टेकडीवर, करा वेगळं बिऱ्हाड. आणि गडबड केलीस तर...”

सासूबाईंच्या पुऱ्या वाक्यांना रुतिलिओ घाबरायचाच, पण अर्ध्या वाक्यांना दुप्पट घाबरायचा. तसा तो कशालाही घाबरायचा. कुत्र्यांना, लिफ्टला, इंजेक्शनला, सरहद्दीवरच्या शिपायाला. आणि जितका घाबरायचा तितका आवाज चढवून बोलायचा. त्या रात्रीची खेचराची गोष्ट त्याने इतक्या जोरात सांगितली होती, की त्यावरूनच ग्रिसेल्दाने ओळखलं, नवरा पार घाबरलाय.

क्रिसान्ताबाईंनी त्याला तीन गोष्टी पढवल्या. एक, समोरच्या आबुंदिओशेठच्या पाटीवर जे भाव असतील तेच आपल्या पाटीवर लावायचे, अक्कल चालवायची नाही. दोन, रांग उभी असताना पाटीला हात लावायचा नाही. पेसो कोसळला त्या डिसेंबरात एका खिडकीवाल्याने रांगेदेखत भाव बदलला होता. लोकांनी त्याची टपरी त्याच्यासकट उचलली आणि नाल्यात नेऊन ठेवली! तीन, दरोडेखोर आलेच, तर गल्ल्याखालचं बटण दाबायचं. पोलीस येतात.

“दरोडेखोर येतात?” रुतिलिओने विचारलं.

“आधी दोन-तीन वेळा चक्कर मारून बघून जातात. मग येतात,” सासूबाई म्हणाल्या आणि दिवा घालवून झोपल्या. रुतिलिओ मात्र पहाटेपर्यंत टक्क जागा होता.

मंगळवारी सकाळी आठला त्याने पाटी लावली. डॉलर घेऊ अठरा-दहाने, म्हणजे अठरा पेसो दहा सेंतावोंना, डॉलर देऊ अठरा-चाळीसने. अगदी आबुंदिओशेठसारखी. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. एक कुत्रं आलं, रुतिलिओ घाबरला, कुत्रं गेलं. गिऱ्हाईक म्हणून एक नाही! जो तो येणारा समोर आबुंदिओशेठकडे चालला होता, कारण शेठ गोरागोमटा, हसतमुख, आणि गिऱ्हाइकाला पेपरमिंट द्यायचा. दहाला रुतिलिओच्या डोळ्यांपुढे टेकडीवरच्या दोन खोल्या अंधूक व्हायला लागल्या. संध्याकाळी सासूबाई विचारणार, किती धंदा झाला? काय सांगायचं, कुत्रं आलं होतं?

आणि मग त्याला ती कल्पना सुचली. बुटांच्या दुकानातला मालक नेहमी सांगायचा, नफा कमी, खप जास्त! रुतिलिओ टपरीला कुलूप लावून रस्त्यावर फाटकापासून चर्चपर्यंत फिरून आला. चौदाच्या चौदा पाट्यांवर पाच-दहा सेंतावोंचा फरक. कोणाच्यात हिंमत नाही! लोकांना काय हवं असतं? ज्याच्याकडे डॉलर आहेत त्याला जास्त पेसो हवेत. ज्याला डॉलर हवेत त्याला ते स्वस्त हवेत. मग दोघांनाही खूश करायला काय हरकत आहे? रस्त्यात सगळ्यात महाग घेऊ, रस्त्यात सगळ्यात स्वस्त देऊ! त्याने पाटीवरचे आकडे काढले आणि नवे अडकवले. डॉलर घेऊ अठरा-तीसने. डॉलर देऊ अठरा-वीसने.

वाचकहो, तुमच्या लक्षात आलं. रस्त्यातल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं. लक्षात आलं नाही ते एकट्या रुतिलिओच्या, कारण त्याच क्षणी गिऱ्हाईक आलं आणि तो हरखून गेला.

हिरवी टोपी कपाळावर ओढलेला एक माणूस होता. त्याने पाटीकडे पाहिलं, रुतिलिओकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. “हे भाव खरे?” त्याने हळूच विचारलं.

“खरे म्हणजे? पाटीवर आहेत ना!” रुतिलिओ गरजला.

त्या माणसाने पेसो मोजून हजार डॉलर घेतले आणि निघून गेला. त्याच्यामागे गरमगरम वाफवलेले तामाले विकणारी बाई आली. तिच्यामागे हातात हात घालून एक म्हातारं जोडपं. अकराला चांगली वीसजणांची रांग लागली. साडेअकराला ती चर्चच्या पायऱ्यांना टेकली! तेवढ्यात दवाखान्यातून सासूबाईंचा फोन आला.

“गिऱ्हाईक आहे का काही?”

“आहे का? सासूबाई, रांग आहे! चर्चपर्यंत!”

“कसली रांग?”

“आपली! आपल्या खिडकीची!”

“मंगळवारी? अरे, रांग तर मी... रुतिलिओ, पाटीवर काय लावलंयस तू?”

“बाई, तो फोन द्या बघू इकडे,” नर्सचा आवाज आला आणि फोन बंद झाला. डॉक्टर नंतर सांगत होते, डोळ्याला एकच इंजेक्शन लागलं, पण छातीची धडधड थांबवायला दोन द्यावी लागली.

इकडे रुतिलिओ नोटा मोजतोय, देतोय, घेतोय. घामाघूम झालाय पण खुशीत आहे. आणि तेवढ्यात त्याने मान वर केली. समोर हिरवी टोपी! मघाचाच माणूस. आता तो डॉलर विकत होता. असेल, विचार बदलला असेल. पण त्याच्यामागे तीच तामालेवाली. तिच्यामागे तेच म्हातारं जोडपं. पाऊण तासाने पुन्हा हिरवी टोपी! पुन्हा तामाले! पुन्हा म्हातारं जोडपं, आणि आता ते हसतही होतं!

रुतिलिओला सासूबाईंचे शब्द आठवले. ‘आधी दोन-तीन वेळा चक्कर मारून बघून जातात. मग येतात.’ हे काही गिऱ्हाईक नव्हतं. ही टोळी होती! चाळीसजणांची टोळी, चर्चपर्यंत पसरलेली! गल्ल्यात सासूबाईंची एकतीस वर्षांची कमाई, आणि तो गल्ला राखायला कोण, तर कुत्र्याला घाबरणारा रुतिलिओ! त्याने बटण दाबलं. मग नीट दाबलं की नाही या भीतीने आणखी नऊ वेळा दाबलं.

हवालदार येस्कास जोडीदारासह धावत आला. “कुठायत दरोडेखोर?”

“हळू बोला!” रुतिलिओ काचेला तोंड लावून कुजबुजला. “ती हिरवी टोपी बघा. तिसऱ्यांदा आलाय. तामालेवाली त्याची साथीदार. आणि ते म्हातारं जोडपं दिसतंय ना, हात धरलेलं? तेच म्होरके असावेत.”

येस्कासने रांगेकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. पाटीकडे तो बराच वेळ पाहत राहिला, आणि त्याचे ओठ शाळेत पाढे म्हटल्यासारखे हलत राहिले. शेवटी त्याने कमरेचा पट्टा वर ओढला.

“प्रकरण गंभीर आहे,” तो म्हणाला. “जवळून लक्ष ठेवावं लागेल.”

“कुठून?”

“रांगेतून.”

दोघंही शेवटी जाऊन उभे राहिले. रुतिलिओच्या जिवात जीव आला. पाऊण तासाने येस्कास खिडकीशी आला, पेसोंची जुडी आत सरकवली आणि डोळा मारला. “दोनशे डॉलर द्या. आम्ही पोलीस आहोत असा संशय येऊ नये म्हणून.” अंगावर गणवेश, डोक्यावर टोपी, कमरेला पिस्तूल! पण रुतिलिओला ही युक्ती फार आवडली.

दीडला ग्रिसेल्दा जेवण घेऊन आली. रांग बघून तिचा चेहरा उजळला. “रुतिलिओ! अरे, आईने हे बघायला हवं होतं! टेकडीवरच्या घरमालकाला आजच फोन करते!”

“आत ये, दार लाव, खाली वाक!” रुतिलिओने तिला ओढलं. “ही टोळी आहे! त्या हिरव्या टोपीकडे बघू नकोस!”

ग्रिसेल्दाने नेमकं तिकडेच पाहिलं. “कोण, नासिओ? आपल्या मागच्या गल्लीतला नळदुरुस्तीवाला? गेल्या महिन्यात आपली मोरी साफ करून गेला तो!”

“मग तो सारखा सारखा का येतोय?”

ग्रिसेल्दाने पाटी उलटी-सुलटी करून पाहिल्यासारखी एकदा आतून, एकदा बाहेर जाऊन पाहिली. परत आली. तिचा आवाज फार हळू झाला होता.

“नासिओने तुझ्याकडून हजार डॉलर घेतले, ते कितीला?”

“अठरा हजार दोनशेला.”

“आणि तेच हजार डॉलर तुला परत विकले, ते कितीला?”

“अठरा हजार तीनशेला. रस्त्यात इतका भाव कुणी देत नाही!”

“मग वरचे शंभर पेसो कुठून आले?”

“पण ग्रिसेल्दा, खप बघ ना केवढा आहे!”

“हो,” ग्रिसेल्दा म्हणाली, “तोटा धडाक्याने खपतोय.” आणि ती स्टुलावर मटकन बसली.

इतका वेळ रुतिलिओ ज्या भीतीने अर्धमेला झाला होता, ती भीती आता त्याला हवीहवीशी वाटायला लागली. दरोडेखोर परवडले! दरोडेखोर एकदा लुटतात आणि जातात. हे लोक पावती घेऊन, आभार मानून, पुन्हा रांगेत जात होते. त्याने घाईघाईने पाटीकडे हात नेला, आणि सगळी रांग एका आवाजात गुरगुरली.

“ओ जावईबापू!” नासिओ ओरडला. “रांग उभी आहे!”

“रांग संपली की बदला,” हवालदार येस्कास रांगेतून म्हणाला. “या रस्त्याचा तसा कायदा आहे.”

“पण रांग संपणार कशी? तुम्ही गोल गोल फिरताय!”

“फिरतोय हे खरं,” येस्कास म्हणाला, “पण उभेही आहोत ना?”

नाल्यातली ती टपरी रुतिलिओच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि त्याने हात मागे घेतला. तेवढ्यात समोर आबुंदिओशेठच्या टपरीचं शटर खाली आलं. चक्क धंद्याच्या वेळी! शेठ स्वतः पाच हजार डॉलर घेऊन रांगेत येत होता, आणि त्याचा कारकून मागून त्याच्यासाठी खुर्ची आणत होता. प्रत्येक फेरीला पाचशे पेसो. खिडकीशी पोचल्यावर शेठने दोघांच्या हातावर एकेक पेपरमिंट ठेवलं.

“जपून काम करा हं,” तो मायेने म्हणाला. “तब्येत सांभाळा. दमू नका.”

ग्रिसेल्दा रडायला आली होती. टेकडीवरच्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांदेखत शंभर-शंभरने चालल्या होत्या. तीनला गल्ल्यातली पेसोंची शेवटची मोठी जुडी तिने सोडली. आणि साडेतीनला खिडकीशी एक ओळखीचा चेहरा आला. चेमा! क्रिसान्ताबाईंचा भाचा, टॅक्सीवाला. सकाळी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलेला!

“चेमा,” रुतिलिओने विचारलं, “सासूबाई कुठायत?”

“चर्चपाशी. टॅक्सीत.”

“कशा आहेत?”

“फार मजेत,” चेमा खाली मान घालून म्हणाला आणि हजार डॉलरची जुडी आत सरकवली. तीन वेळा घडी घातलेल्या त्या नोटा ग्रिसेल्दाने ओळखल्या. आईच्या होत्या.

झालं होतं असं, की डॉक्टरांनी घरी जाऊन अंधारात पडायला सांगितलं होतं, आणि क्रिसान्ताबाईंनी टॅक्सी रस्त्यावर आणायला सांगितली होती. चर्चपाशी टॅक्सी रांगेत अडकली. बाईंनी काच खाली करून शेवटच्या माणसाला भाव विचारला. “तीसने घेतायत, वीसने देतायत,” तो म्हणाला. “कुठलं गाढव?” बाईंनी विचारलं. त्याने बाईंना ओळखलं आणि म्हणाला, “नवीन दिसतोय कोणीतरी.” बाईंना गुंगीत सकाळचा फोन आठवत नव्हता. एक डोळा पट्टीत, दुसऱ्याला दूरचं दिसेना. त्यांनी नोटा बांधलेला रुमाल सोडला. “चेमा, उभा राहा! ते गाढव जागं व्हायच्या आत जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या मार!”

चौथ्या फेरीला मात्र त्यांना राहवेना. असलं गाढव एकदा जवळून बघायलाच हवं! काठी टेकत त्या रांगेच्या कडेने निघाल्या, गालातल्या गालात हसत. नासिओने हिरवी टोपी काढली. तामालेवालीने छातीवर क्रूस काढला. क्रिसान्ताबाई सातव्या खिडकीशी आल्या, एका डोळ्याने आत वाकून पाहिलं, आणि त्यांचं हसू जिथे होतं तिथेच थिजलं.

त्यांनी काठीचं टोक पाटीला टेकवलं.

“तीसने घेतोस, वीसने देतोस?”

“हो, सासूबाई.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझ्याच डोक्यातून आलं.”

“तरीच,” क्रिसान्ताबाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाच्या डोक्यात एवढी मोकळी जागा नसते.” मग त्या भाच्याकडे वळल्या. “आणि तू रे? तुला दिसत नव्हतं खिडकीत कोण बसलंय?”

“दिसत होतं, आत्या,” चेमा म्हणाला. “पण तुला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याने बोलवेना.”

क्रिसान्ताबाई आत शिरल्या. रुतिलिओला वाटलं, आता त्या पाटी फोडणार, किंवा मला. पण त्या शांतपणे स्टुलावर बसल्या आणि काचेतून रांगेला म्हणाल्या, “रांग उभी आहे, भाव तोच आहे. क्रिसान्ताचा शब्द मोडत नाही. या पुढे!” रांगेने टाळ्या वाजवल्या. आबुंदिओशेठ खुर्चीवरून उठून पुढे आला. “फक्त एक आहे,” बाई पट्टीला हात लावून म्हणाल्या, “डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्याला ताण द्यायचा नाही.”

मग त्यांनी शेठची पहिली नोट उचलली. उजेडात धरली. उलटी केली. पुन्हा उजेडात धरली. “एक,” त्या म्हणाल्या. सतराव्या नोटेला त्यांना शिंक आली आणि त्या पुन्हा एकपासून सुरू झाल्या. बावीसला त्यांनी डोळ्यात औषध घालून घेतलं आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, “कुठे होते मी? जाऊ दे. एक.” आधी म्हातारं जोडपं घरी गेलं. मग तामालेवाली, कारण तामाले निवत चालले होते. हवालदार येस्कासला एकदम आपली ड्यूटी आठवली. पाऊण तासाने रांगेत एकटा आबुंदिओशेठ उरला. एकोणचाळीसला तोही नोटा परत घेऊन शटर उघडायला गेला. रांग संपली! क्रिसान्ताबाईंनी पाटीवरचे आकडे बदलले आणि मगच हिशेब केला. चौदा हजार सहाशे पेसो गेले होते. त्यातले तीनशे चेमाकडून त्यांनाच परत मिळाले.

पुढचे तीन दिवस रुतिलिओला जेवण जात नव्हतं, आणि सासूबाई त्याच्या टॉर्टिया मोजतही नव्हत्या, हे तर फारच भयंकर होतं. ग्रिसेल्दाने घरमालकाला फोन करून जागा सोडली, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

शुक्रवारी सकाळी आबुंदिओशेठ कोयोता नावाच्या गोड पोळ्यांचा डबा घेऊन दारात हजर! “बाई,” तो म्हणाला, “तुमचा जावई म्हणजे हिरा आहे. आम्ही तेराही खिडकीवाल्यांनी विचार केला. माझ्या टपरीमागची खोली त्याला द्यावी. भाडं नको, विजेचं बिलही आम्ही भरू. तुमच्या खिडकीच्या जवळ राहील, कधी तुम्हाला बरं नसलं तर लगेच बसायला येईल!”

क्रिसान्ताबाईंनी काळा चष्मा घातला, मुलीला आणि जावयाला टॅक्सीत बसवलं आणि तडक टेकडीकडे निघाल्या. टॅक्सी अर्ध्यावर थांबली. पुढे पायऱ्या होत्या, दोनशेच्या वर. बाई सगळ्या चढल्या. घरात त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं नाही, नळ उघडून पाहिला नाही. नुसत्या दारात उभ्या राहून खाली गावाकडे बघत राहिल्या. तिथून ना सरहद्दीचं फाटक दिसत होतं, ना चर्च.

घरमालक भला माणूस होता. “बाई, आधीच सांगतो,” तो ओशाळून म्हणाला, “इथे बस येत नाही. पाऊस झाला की रस्ताही बंद होतो. दोन-दोन आठवडे खाली उतरता येत नाही. फोनचीही बोंब आहे.”

रुतिलिओने भीतीने डोळे गच्च मिटले. ग्रिसेल्दाने त्याचा हात धरला.

“सहा महिन्यांचं आगाऊ घ्या,” क्रिसान्ताबाई म्हणाल्या.